गळ्याची गाठ आणि केशरबाईंचा हात

डॉ. वत्सला मुरंबीकर मॅडमची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा त्यांचा डावा हात खांद्यापर्यंत एका म्हशीच्या आत होता. त्यामुळे नमस्कार-चमत्कार राहूनच गेले. मी बदलीचा आदेश, नवा कोरा शर्ट आणि पदवीचा ताजा माज घेऊन दवाखान्याच्या दारात उभा, आणि मॅडम खोड्यातल्या म्हशीच्या मागून मला आपादमस्तक न्याहाळताहेत. "बीडचे ना तुम्ही? बरं झालं आलात. बाह्या वर करा आणि शेपूट धरा," असं त्या म्हणाल्या. आदेश खिशात कोंबून मी शेपूट धरलं. पुढे मी विभागात बऱ्यापैकी वरच्या खुर्चीपर्यंत गेलो, पण माझी खरी नेमणूक त्या दिवशीच झाली, असं मी मानतो.

मॅडम यंदा पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला त्यांच्या 'शास्त्रीय कार्याचा परिचय' करून द्यायला सांगितलं आहे. मी चार आलेख आणि दोन तक्ते जोडून देईन, अशी त्यांची अपेक्षा दिसते. त्यांनी माफ करावं. मॅडमचं शास्त्र मी शेळ्यांच्या गोठ्यात, आठवडी बाजारात खाटकाच्या ओट्यावर आणि एका सहकारी संस्थेच्या सर्वसाधारण सभेत घडताना पाहिलं आहे. ते जसं पाहिलं तसंच सांगतो.

आधी त्यांच्या कामाची रीत सांगायला हवी. गाय असो, म्हैस असो की शेळी, माजावर येत नाही म्हणून जनावर आलं की आम्ही सगळे थेट त्याच्या मागच्या बाजूला जात असू. तक्रार तिकडचीच ना! मॅडम पुढून सुरुवात करत. जनावराच्या गळ्याखाली, श्वासनळीच्या दोन्ही बाजूंना बोटं फिरवत, मग कातडी चिमटीत धरून बघत, शेपटीचे केस ओढून बघत, आणि सगळ्यात शेवटी मागे येत. दुसरं म्हणजे दवाखान्यात 'वांझ' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. एकदा एक बडे बागायतदार आपली म्हैस घेऊन आले आणि ऐटीत म्हणाले, "वांझ हाय हो ही. इकून टाकावं म्हन्तो." मॅडमनी हातमोजा चढवता चढवता शांतपणे सांगितलं, "पाटील, कारण सापडेपर्यंत तिला नाव ठेवायचं नाही. आणि कारण सापडल्यावर तर गरजच उरत नाही." पाटील खालमानेने म्हशीला खोड्यात घालायला लागले.

त्या कडक होत्या, पण कोरड्या नव्हत्या. माझ्या लग्नाला त्या आल्या त्या थेट एका गावाहून गाईला रेतन करून, लुनावर पायापाशी गोठवलेल्या वीर्याचं नायट्रोजनचं भांडं ठेवून. उन्हात भांडं सोडवेना, म्हणून तेही मांडवात आणलं. झाकणातून निघणारा पांढरा धूर बघून माझ्या सासऱ्यांनी हळूच विचारलं, "हे तुमच्याकडचं कोणतं पूजेचं?" मॅडमनी तितक्याच गंभीरपणे सांगितलं, "वंशवृद्धीचं." अक्षता टाकून, जेवून त्या पुढच्या गावाला गेल्या, आणि जाताना माझ्या बायकोच्या हातात साडी नाही, तर तिच्या शिक्षणशास्त्राच्या परीक्षेचा भरलेला अर्ज ठेवून गेल्या. तिला पुढे शिकायचं आहे हे मला माहीत नव्हतं. मॅडमना ते कुठून कळलं, हे आजही आमच्या घरातलं एक कोडं आहे.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

घाटनांदूरच्या पुढे, बालाघाटाच्या माळावर एक गाव आहे. त्यातली माणसं अजून हयात असल्यामुळे गावाचं नाव लिहीत नाही. निम्मं गाव दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जातं. तिकडे मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. केशरबाई या गावच्या लेकी. मूल होत नाही म्हणून नवऱ्याने त्यांना टाकलं, तेव्हापासून त्या माहेरी होत्या. एकट्या बाईचा कोयता होत नाही, म्हणून त्यांना तोडीला कुणी नेत नव्हतं आणि गावात काम नव्हतं. गावातल्या बायकांनी शेळीपालनाची सहकारी संस्था काढली, तेव्हा मॅडमनीच सुचवलं की, तोडीच्या हंगामात सगळ्यांच्या शेळ्या एका गोठ्यात राहाव्यात आणि त्या केशरबाईंनी सांभाळाव्यात. त्यांना राहायला गोठ्यालगत एक खोली मिळाली. केशरबाईंचं म्हणून या जगात जे काही होतं, ते एवढंच.

दोन हंगाम उत्तम गेले. मग दुष्काळ आला. पहिल्या वर्षी कडबा संपला, दुसऱ्या वर्षी विहिरी. पण गावाच्या गायरानावर एक गोष्ट हिरवीगार उभी होती: सुबाभूळ. त्या काळी सुबाभळीचं फार कौतुक होतं. पाणी नको, खत नको, वर्षभर पाला, आणि तोही डाळीइतका पौष्टिक! रोपं मॅडमनीच आणवली होती, स्वतः उभं राहून लावून घेतली होती. आजूबाजूच्या गावांतून माणसं ती झाडं बघायला येत. केशरबाई रोज सकाळी फांद्या छाटत आणि शेळ्यांना पोटभर घालत. दुष्काळात ज्या शेळ्यांच्या पुढ्यात हिरवं पडतं, त्या शेळ्यांचं नशीब थोर, असं सगळेच म्हणत.

अक्षय तृतीयेच्या सुमाराला कोयते परतले. बायका घरी जायच्या आधी गोठ्यावर गेल्या आणि तिथेच खाली बसल्या. बहुतेक शेळ्या भाकड. ज्या थोड्या व्याल्या होत्या, त्यांची करडं जगली नव्हती. जन्मतःच अंगावर केस विरळ आणि गळ्याखाली बोरासारखी गाठ. बाकीच्या शेळ्या हंगामभर माजावरच आल्या नव्हत्या. पाच-सहा महिने परमुलखात पाचटात राबून आलेल्या त्या बायका. करडांच्या भरवशावर त्यांनी काय काय ठरवून ठेवलं असेल, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

सभा भरली. संस्थेच्या अध्यक्ष सरूबाई, तोंडाने फटकळ आणि मनाने तशा वाईट नव्हेत. घरात पाच लेकरं, अंगणात कायम गलका. त्याच पहिल्यांदा बोलल्या. "तोंडावर बोलते, मागनं न्हाई. जिच्या हाताखाली पोसल्या, तिच्यावानी झाल्या. केशर वाईट हाय असं न्हाई म्हनत म्या. पन तिचा हात आमच्या शेळ्यांला नगं. आन् ह्या शेळ्या बाजारात काढा."

केशरबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मला वाटतं, त्यांनाही ते पटलं होतं. सगळ्यात वाईट ते होतं.

मॅडमनी फक्त एकच प्रश्न विचारला. गावात ज्या शेळ्या गोठ्यात नव्हत्या, म्हाताऱ्या सासवांकडे घरीच होत्या, त्यांचं काय? उत्तर आलं: त्या व्याल्या, करडं उड्या मारताहेत. सभेत कुजबुज वाढली. म्हणजे हाताचाच गुण! मी कपाळाला हात लावला. मॅडमनी विचारलेल्या प्रश्नाने केशरबाईंचा उरलासुरला बचावही गेला होता. मॅडम मात्र हलल्या नाहीत. "शेळ्या विकू नका म्हणत नाही. पण विकायच्या तेवढ्या माझ्यासमोर विका," एवढंच त्या म्हणाल्या.

पुढच्या आठवडी बाजारात त्यातल्या काही शेळ्या गेल्या, आणि त्यांच्या मागोमाग आम्ही. शेळी लहान जनावर. म्हशीसारखा हात घालून तिचं अंडाशय चाचपता येत नाही. ते बघायचं तर कापल्यावरच. मॅडम थेट खाटीक रहीमचाचांच्या ओट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. चाचांनी सुरा खाली ठेवला. "मॅडम, तुमको मटन होना तो घर भेज देता मैं. यहाँ कायको आए?"

"मटण नको चाचा. या शेळ्यांचे गळे हवेत, आणि पिशवीच्या बाजूचे दोन दाणे. ज्या शेळीचा गळा, तिचेच दाणे. अदलाबदल नको."

चाचांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं असावं, दुष्काळाने बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला. पण त्यांनी प्रत्येक शेळीचं अगदी निगुतीने वेगळं काढून दिलं, आणि तुलनेला दुसऱ्या गावांहून आलेल्या शेळ्यांचंही.

जेवणाच्या पितळी ताटांत आम्ही ते मांडलं. एका ताटात बाहेरगावच्या शेळ्या, दुसऱ्यात गोठ्यातल्या. बाहेरच्या शेळ्यांची गळ्यातली ग्रंथी, जिला आपण थायरॉइड म्हणतो, लहान, चपटी, शहाण्यासारखी आपल्या जागी. त्यांची अंडाशयं उंचसखल. कुठे फुगत आलेला बीजकोष, कुठे बीज सुटून गेल्यावर राहिलेला पिवळसर गोळा. म्हणजे तिथे घडामोड चालू होती. गोठ्यातल्या शेळ्यांची थायरॉइड सुजून दुप्पट-तिप्पट, काळपट लाल. आणि त्यांची अंडाशयं? काही चिंचोक्यासारखी गुळगुळीत आणि मुकी. काहींवर पाण्याने भरलेले फोड. बीजकोष वाढला, पण फुटायचं विसरून गेला. पिवळा गोळा जवळजवळ कुठेच नाही. गळा जितका सुजलेला, तितकं त्याच शेळीचं अंडाशय निपचित.

मी पुस्तकात हे वाचलं होतं. थायरॉइडचा रस कमी पडला की मेंदूतून निघालेला निरोप अंडाशयापर्यंत पोचतो, पण अंडाशय त्याला दाद देत नाही. बीज पिकत नाही, पिकलं तर सुटत नाही, माज येत नाही. परीक्षेत मी ते लिहून चांगले गुणही मिळवले होते. पण ताटात ते तसं मांडलेलं बघताना मी पुन्हा पुन्हा एका ताटावरून दुसऱ्यावर वाकत होतो. घसा कुठे, अंडाशय कुठे! मधे सबंध शेळी आहे. एकाला दुसऱ्याचा स्पर्शसुद्धा नाही. आणि तरी वरचं बिघडलं की खालचं गप्प होतं, इतकं गप्प, की एका बाईच्या डोक्यावरचं छप्पर जायची वेळ यावी. मॅडमनी दोन्ही ताटं शेजारी शेजारी सरकवली. मग म्हणाल्या, "किती सुंदर आहे हो हे. आणि किती वाईट."

"आयोडीन देऊ या," मी उत्साहाने म्हणालो.

"आयोडीन आहेच त्यांच्या अंगात. चुलीत लाकूड भरपूर आहे, पण कुणीतरी ओलं पोतं टाकलंय वर. लाकूड वाढवून काय होणार?" त्या ताटाकडे बघतच राहिल्या. "सुबाभूळ, साहेब. तिच्यात जे आहे ते यांच्या पोटात गेल्यावर थायरॉइडला काम करू देत नाही. थोडी घातली तर चालते. आपण नुसती तीच घातली. घरच्या शेळ्यांना मिळेल ते खावं लागलं, म्हणून त्या वाचल्या." मग थोड्या वेळाने, "आपण नाही. मी. झाडं मी लावली आणि किती घालायची ते सांगितलं नाही."

दुसऱ्या सभेत त्यांनी हे सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं. अधिकारी माणसाने गावासमोर असं बोलणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, आणि खरं सांगतो, त्यानंतरही फारसं ऐकलं नाही. पण गंमत अशी की, कुणाचाही विश्वास बसला नाही! सरूबाई तर हसल्याच. "मॅडम, तुमी लई चांगल्या हाव. केशरला वाचवायला आपल्या आंगावर घ्यायलाव. पन हिरवा पाला खाऊन कुनी वांझ व्हतंय व्हय? आन् दुस्काळात?"

मॅडमचा चांगुलपणाच त्यांच्या खरेपणाच्या आड आला होता. मी चिडून काही बोलणार, तेवढ्यात मॅडमनी मला डोळ्यांनीच बसवलं आणि सरूबाईंना म्हणाल्या, "मग असं करू. गोठ्यात उरलेल्या शेळ्या केशरबाईच सांभाळतील. हात तोच. फक्त सुबाभूळ बंद. बाभळीच्या शेंगा, लिंबाचा पाला, मिळेल तो कडबा. आणि तुम्ही माहेराहून दोन तरण्या शेळ्या आणल्यात ना? माजावर येऊन गेल्यात म्हणालात. त्यांना तुम्ही तुमच्या घरी, तुमच्या हाताने, नुसती सुबाभूळ घाला. बोकडावर संशय नको, तो बाहेरून आणू. तुमच्या शेळ्यांचं नुकसान कायमचं होणार नाही, पाला बंद केला की त्या सुधारतील, हा माझा शब्द. दसऱ्याला, तुम्ही तोडीला निघायच्या आधी, बघू."

सरूबाईंना हे आव्हानच वाटलं. "घालते की! पाच लेकरं ह्या हातानं वाढविली. बघू काय व्हतंय ते."

ते चार-पाच महिने फार वाईट गेले. पावसाने हुलकावणी दिली. गायरानावर हिरवी झाडं डुलताहेत, आणि केशरबाई मैल-मैल हिंडून वाळक्या शेंगा वेचताहेत, हे बघून माणसं वाटेवर थांबून हसत. "कावून गं, हिरवं सोडून वाळलं?" असं पोरंसुद्धा विचारत. शेळ्या सुरुवातीला अजून हडकल्या. वरून मॅडमना विचारणा झाली की, ज्या झाडाचा सगळीकडे प्रचार चालू आहे, त्याविरुद्ध तुम्ही गावात काय सांगता? मॅडमनी उत्तर पाठवलं आणि सोबत दोन बरण्या पाठवल्या, एकीत गळ्यातली ग्रंथी, दुसरीत अंडाशय. पुढे पुष्कळ दिवस विचारणा आली नाही. त्या दर आठवड्याला लुनावरून गोठ्यावर जात, आणि शेळ्यांआधी केशरबाईंचा चेहरा बघत. केशरबाई एकच विचारत, "मॅडम, न्हाईच आल्या तर?" मॅडम "येतील" म्हणत नसत. "आपण बघतोय ना," म्हणत. खोटा धीर द्यायचा नाही, हे त्यांनी जनावरांच्या मालकांच्या बाबतीतही कायम पाळलं.

आषाढाच्या सुरुवातीला एका सकाळी केशरबाई चालत दवाखान्यात आल्या. त्या कधी येत नसत. दारातच उभ्या राहिल्या. एवढंच म्हणाल्या, "मॅडम, वरडायल्या." शेळ्या माजावर येऊन ओरडत होत्या. एक नाही, चार-पाच. मॅडमनी हातातलं इंजेक्शन माझ्याकडे दिलं, चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नाही, त्या दिवशीही पाहिलं असं म्हणणार नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सभा भरली. गोठ्यातल्या शेळ्या समोरच बांधल्या होत्या. त्यांतल्या बहुतेकींची पोटं दिसत होती, कुणी सांगायची गरज नव्हती. मग सरूबाई आल्या, आपल्या दोन शेळ्या घेऊन. मागच्या भागावरचे केस गळलेले, गळ्याखाली बोटांना लागणारी गाठ, आणि वैशाखापासून एकदाही माज नाही. सभेत बसलेल्या कुणा म्हातारीने सहज म्हणून म्हटलं, "अगंबया, मंग आता सरूच्या हाताला काय झालं?"

कुणी हसलं नाही. पाच लेकरांच्या आईच्या हाताला काय नाव द्यायचं, हे कुणालाच सुचेना. मॅडम बोलू शकल्या असत्या. त्यांच्याकडे बरण्या होत्या, ताटं होती, सगळं शास्त्र होतं. त्या खाली बसून राहिल्या. आयुष्यात मी त्यांच्याकडून पुष्कळ शिकलो, पण तिथे गप्प बसणं मला अजून जमलेलं नाही.

सरूबाई सभेच्या मधून चालत केशरबाईंपाशी गेल्या, दोन्ही शेळ्यांची दावी त्यांच्या हातात दिली, आणि म्हणाल्या, "केशर, ह्यान्ला तुझ्या हाताला घे. माझ्याजवळ न्हाईत व्हायच्या नीट." एवढं बोलून त्यांनी पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन करून कोयते निघाले, आणि सगळ्या गावच्या शेळ्या केशरबाईंच्या ताब्यात राहिल्या. सुबाभूळ तोडून टाकायची नाही, असं मॅडमनी बजावलं. चाऱ्याच्या चार पेंढ्यांत एक, एवढीच घालायची. झाडाला नाव ठेवणंही त्यांना मान्य नव्हतं. पुढे त्यांनी या विषयावर लिहिलं, व्याख्यानं दिली, दूध संघांच्या प्रशिक्षणात शेकडो मुलामुलींना आधी गळा बघायला शिकवलं. त्याची यादी या ग्रंथात इतरत्र येईलच. माझ्या लेखी मॅडमचं थोरपण त्या सभेत, त्या गप्प बसण्यात आहे. तसा माणूस आपल्या जवळून, आपल्याच दवाखान्यातून, लुनावर बसून ये-जा करत होता, आणि आपण त्याच्याशी चहाच्या साखरेवरून वाद घालत होतो, याचं मला आज फार नवल वाटतं.

हा लेख लिहायच्या आधी मी मुद्दाम त्या गावाला जाऊन आलो. केशरबाई अजून गोठ्यालगतच्याच खोलीत राहतात. खोली आता पक्की झाली आहे आणि संस्थेच्या अध्यक्ष त्या स्वतः आहेत. मी सांगितलं, मॅडमचा पंचाहत्तरीचा गौरव आहे, त्यांना दीर्घायुष्य लाभो असं सगळे लिहिणार आहेत, तुमच्या वतीने काय लिहू? त्यांनी करडाला बाटलीने दूध पाजता पाजता थोडा विचार केला.

"लिव्हा," त्या म्हणाल्या. "म्हनावं, म्या हाय तवर तुमी जायाचं न्हाई."

यापेक्षा चांगली शुभेच्छा मला सुचत नाही, म्हणून तीच जशीच्या तशी मॅडमच्या चरणी ठेवतो. जोडीला, डॉक्टर या नात्याने, एवढंच नमूद करतो की, मी केशरबाईंना नीट तपासून आलो आहे. त्यांची नाडी, नजर आणि आवाज तिन्ही ठणठणीत आहेत, आणि त्या इतक्यात कुठेही निघालेल्या नाहीत.